घर लांब, नोकरी मुंबईत: रस्ते, लोकल आणि मेट्रोचा खर्च कोणाच्या खिशातून? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथले बहुतेक प्रश्न मुंबई महानगर प्रदेशातले आणि त्याला लागून असलेल्या लोकलच्या पट्ट्यांतले आहेत: विरार-डहाणू, कल्याणपुढचे कर्जत-कसारा आणि पनवेल-उरण. पुणं जिथे खरोखर लागू पडतं तिथेच घेतलं आहे. भाडी आणि शुल्कं बदलत राहतात, म्हणून शक्य तिथे वर्ष दिलं आहे.

लोक इतक्या लांब राहायला जातातच का?

परवडणारं घर तिथे मिळतं म्हणून. पण ते तिथेच का मिळतं, हे पाहायला हवं. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१.३ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर पोचलं. माणसं उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकली. नोकऱ्या मात्र फोर्ट, परळ, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), अंधेरी या पट्ट्यातच राहिल्या.

यामागे नियमांचा मोठा हात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बेटावरच्या शहराला १.३३ आणि उपनगरांना १ एवढाच मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे नवी भाड्याची घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ पर्यंत टिकला. शहरात घर बांधणं अवघड आणि महाग, अंबरनाथच्या पुढे जमीन मुबलक, आणि दोघांना जोडणारा लोकलचा पास जवळपास नाममात्र. शहर पसरायला आणखी काय लागतं?

कल्याणहून सीएसएमटीचा पास ३१५ रुपये. मग लोकलने जाणारे जवळजवळ फुकटच जातात, असं नाही का?

आकडा खरा आहे. कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस, रोज दोन्ही वेळा धरले तर २,७०० किलोमीटर होतात. ३१५ भागिले २,७००, म्हणजे किलोमीटरला सुमारे १२ पैसे. गाडीला याच अंतरासाठी नुसतं पेट्रोलच किलोमीटरला सहा-सात रुपयांचं लागतं. रेल्वे संसदेत सांगते की देशभरात सरासरी १०० रुपयांच्या प्रवासाला प्रवाशाकडून ५४-५५ रुपये मिळतात. उपनगरी पासात तेवढेही मिळत नाहीत.

पण पासवाला बाकीची किंमत शरीराने मोजतो. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. सीटवर चौथा माणूस अर्धा हवेत बसतो. त्यात घर ते स्टेशन शेअर रिक्षा किंवा स्टँडवर लावलेली दुचाकी, आणि उतरल्यावर पुन्हा बस किंवा रिक्षा. स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर आत राहणाऱ्याचा रिक्षाचा महिन्याचा खर्च पासाच्या चार-पाच पट सहज होतो. ‘स्वस्त लोकल’ म्हणताना हा भाग हिशेबात धरला जात नाही.

मग पास महाग करून गाड्या वाढवा. त्यात अडचण काय?

तो प्रयोग होऊन गेला आहे. उपनगरी मासिक पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या दराने मिळतो. जून २०१४ मध्ये रेल्वेने तो ३० फेऱ्यांच्या दराने लावायचं ठरवलं, म्हणजे एका रात्रीत दुप्पट. महाराष्ट्रातल्या खासदारांनी दिल्लीत धाव घेतली आणि चार दिवसांत निर्णय मागे गेला. त्यानंतर जुलै २०२५ च्या भाडेवाढीतही उपनगरी तिकिटं आणि पास वगळले गेले.

राजकारण बाजूला ठेवलं तरी दुप्पट पासाने प्रश्न सुटत नाही. गाड्यांची संख्या पैशापेक्षा रुळांवर अडते. त्याच मार्गावर मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात, म्हणून नवी मार्गिका टाकल्याशिवाय फेऱ्या वाढत नाहीत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) दुसऱ्या टप्प्यातली. ती पूर्ण झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. कल्याणहून थेट नवी मुंबईला जाणारा ऐरोली-कळवा जोडमार्ग तिसऱ्या टप्प्यातला. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण पुढचा उन्नत भाग पुनर्वसनात अडकला. तो झाला तर कल्याण-वाशी प्रवाशांना ठाण्याच्या पुलावरची चेंगराचेंगरी टळेल. दर थोडे, टप्प्याटप्प्याने आणि नव्या फेऱ्या दिल्यानंतर वाढवावेत, याला आमचा विरोध नाही. आधी पैसे, सोय नंतर कधीतरी, याला आहे.

लोकलच्या नव्या मार्गांचा खर्च सध्या कोण देतं?

१९९९ मध्ये स्थापन झालेलं मुंबई रेल्वे विकास महामंडळ (एमआरव्हीसी) हे काम पाहतं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, राज्याचा ४९. एमयूटीपीचे टप्पे साधारण निम्मे-निम्मे वाटून घेतले जातात, काहींना जागतिक बँकेसारख्यांचं कर्ज मिळालं. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेला तिसरा टप्पा १०,९४७ कोटींचा. विरार-डहाणू चौपदरीकरण आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग त्यातच येतात. प्रवाशाच्या तिकिटात आणि पासात एमयूटीपीचा अधिभारही असतो. म्हणजे नव्या रुळांचे पैसे मुंबईकर आधीपासून देतोच आहे, फक्त ते वेगळे दिसत नाहीत.

गाडीवाले पेट्रोलवर एवढा कर भरतात. रस्ते त्यातूनच होतात ना?

राष्ट्रीय महामार्गांपुरतं काही प्रमाणात हो. केंद्राचा इंधनावरचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर मुख्यतः त्यासाठी आहे. राज्याचा व्हॅट (मुंबई-ठाणे-नवी मुंबईत जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे) मात्र राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून शाळाही चालते आणि पगारही होतात.

रोजच्या कोंडीचे रस्ते, म्हणजे एलबीएस मार्ग, घोडबंदरचे सेवारस्ते, डोंबिवलीतले गल्लीबोळ, हे मुख्यतः महापालिकांच्या खर्चाने चालतात. महापालिकांचं उत्पन्न मालमत्ता कर, जीएसटीची भरपाई आणि जादा बांधकामासाठी बिल्डर भरतो त्या प्रीमियमवर उभं असतं. पेट्रोल पंपावरचा पैसा तिथे थेट पोचत नाही. वाहन घेताना भरलेला एकरकमी कर (पेट्रोल कारला किमतीच्या ११ ते १३ टक्के) गाडी रोज ८० किलोमीटर चालो की रविवारी देवळापर्यंत, सारखाच. गर्दीच्या वेळी रस्ता अडवण्याची किंमत त्यात कुठेच नाही.

आणि उभ्या गाडीचं काय? एका कारला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर किंवा १३५ चौरस फूट जागा लागते. बदलापुरातला वन बीएचके साडेतीनशे-चारशे चौरस फुटांचा असतो. त्याच्या एक तृतीयांश जागा रस्त्याकडेला फुकट, तीही दादरला.

रस्ते खराब कोण करतं, कार की ट्रक?

ट्रक, आणि त्यातही जादा भार भरलेला ट्रक. रस्त्याच्या थरांना होणारी इजा चाकांच्या धुऱ्यावरच्या (ॲक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांवर हा नियम उभा आहे. एक टन धुऱ्याच्या गाडीच्या तुलनेत दहा टन धुरा रस्त्याला दहापट नाही, दहा हजारपट घासतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी धुऱ्याची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला पावणेतेरा टक्के; चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते जवळपास ६० टक्के. मालवाहतूक स्वस्त झाली, पण डांबराचं बिल कोणाकडे गेलं? म्हणून टोलमध्ये दोन वेगळे हिशेब असायला हवेत: झिजेचे पैसे जड वाहनाकडून, गर्दीचे पैसे गर्दीच्या वेळी आत येणाऱ्या कारकडून. सध्या दोन्ही एकाच तक्त्यात कोंबलेले आहेत.

ईस्टर्न एक्स्प्रेसवर आणखी दोन लेन टाकल्या तर?

दोन-तीन वर्षं बरं वाटेल. नंतर जे लोक सकाळी सहाला निघून गर्दी चुकवत होते ते पुन्हा साडेआठला निघतील, लोकलवाले काही गाडी काढतील, आणि ‘मुंबई फक्त ४० मिनिटांवर’ असे फलक लावून आणखी आतल्या गावात टॉवर उभे राहतील. मग कोंडी जुन्या जागी, फक्त जास्त रुंद रस्त्यावर.

क्षमतेचं गणित बघा. शहरी रस्त्याची एक लेन, सिग्नल नाही असं धरून, तासाला साधारण १,८०० कार नेते. कारमागे दीड माणूस धरला तर २,७०० माणसं. एका रुळावर तासाला १५ लोकल, प्रत्येकीत गर्दीच्या वेळी चार हजार धरले तर ६०,००० माणसं. त्यासाठी २२ लेन लागतील, आणि २२ लेन घोडबंदरला सोडा, बीकेसीतही मावणार नाहीत. बस हा मधला मार्ग आहे, पण बसला वेगळी लेन दिली तरच. कारच्या रांगेत अडकलेली बस कारपेक्षाही हळू जाते, कारण तिला थांबेही घ्यायचे असतात.

मुंबईच्या वेशीवरचा कारचा टोल माफ झाला. चांगलं झालं की नाही?

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. त्याआधी कारला ४५ रुपये होते. नव्वदच्या दशकात राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) बांधलेल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च भरून काढायला हा टोल लागला होता. ते पैसे वसूल झाले की नाहीत, कंत्राटात किती फुगवटा होता, ही तक्रार रास्त होती. नाक्यावरची रांग हाही खरा त्रास होता.

पण उपाय उलटा निघाला. कंत्राटदाराचं होणारं नुकसान हवेत विरत नाही. ते तिजोरीतून भरा किंवा वसुलीची मुदत लांबवा, देणारा कोणीतरी असतोच. तिजोरीतून दिलं तर विरारहून लोकलला लटकत येणाऱ्यानेही दहिसरला कार घेऊन येणाऱ्याच्या प्रवासाला हातभार लावला. जड वाहनं मात्र अजून टोल देतात. फास्टॅग सर्वत्र असताना रांग न लावता, सकाळी आठ ते अकरा जास्त आणि दुपारी शून्य, असा दर लावणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं, आणि ते पैसे बससाठी राखून ठेवता आले असते. लंडनने २००३ मध्ये गर्दीचं शुल्क लावलं तेव्हा ती रक्कम वाहतुकीवरच खर्च करायचं कायद्यानेच ठरवलं होतं. आपल्याकडे हे बंधन नसल्यामुळे ‘टोल म्हणजे लूट’ हे लोकांना पटतं, आणि पटण्यासारखी परिस्थितीही असते.

अटल सेतूला टोल आणि कोस्टल रोड फुकट, असं का?

मालक वेगळे, पैशाचे मार्ग वेगळे. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) मुख्यतः जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून बांधला, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. कारला एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५. कर्ज फेडायचं म्हणून टोल. कोस्टल रोड मुंबई महापालिकेने स्वतःच्या पैशातून केला. खर्च १३ हजार कोटींच्या वर, टोल नाही.

आमच्या मते यातला जास्त अन्यायकारक फुकटवाला आहे. महापालिकेचा पैसा गोवंडीपासून दहिसरपर्यंतच्या सगळ्यांचा. मरीन ड्राइव्ह ते वरळी कारने जाणारे थोडे. अटल सेतूवरून जाणाऱ्याला निदान कळतं की आपण कशाचे पैसे देतोय. तिथली खरी उणीव वेगळी आहे: सेतूमुळे उलवे, चिर्ले, उरण भागात जमिनीच्या भावाने उसळी घेतली, ती कमाई मात्र कर्जफेडीत कुठेच येत नाही.

मेट्रोचे पैसे कोण देतं? केंद्र म्हणतं आम्ही, राज्य म्हणतं आम्ही.

दोघंही थोडं-थोडं खरं सांगतात. भुयारी मेट्रो ३ घ्या: आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्ग सुरू. मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग जायकाचं कर्ज. मालकी केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी. सुधारित खर्च ३७,२७६ कोटी, म्हणजे ६१ टक्क्यांनी वाढ. कारशेडचा वाद, कामाला झालेला उशीर आणि कोविड यांनी हा आकडा फुगवला. कर्ज ‘स्वस्त’ असलं तरी फेडायचं आहेच, आणि एवढी फेड तिकिटातून निघत नाही.

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो १ (जून २०१४) खासगी भागीदारीतून झाली, सरकारने तूट भरून काढायला अनुदान दिलं. सुरू झाल्यापासून भाडं किती असावं यावरून कोर्टकचेरी. धडा एवढाच निघतो की खासगी कंपनी बांधू शकते, पण भाडं लोकांना परवडेल असं ठेवायचं तर बाकीचे पैसे कुठून तरी यावे लागतात.

फ्लॅटच्या मुद्रांक शुल्कात तो १ टक्का मेट्रो अधिभार आहे, तो कशाचा?

त्याच मेट्रोचा. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत १ एप्रिल २०२२ पासून तो पुन्हा लागू आहे. त्याआधी दोन वर्षं सवलत होती. मुंबईत म्हणून एकूण ६ टक्के (महिलेच्या नावावर ५), पुणे-ठाण्यात स्थानिक अधिभार धरून ७. ठाण्यातल्या ६० लाखांच्या फ्लॅटवर मेट्रोचे ६० हजार.

कल्पना बरोबर, नेम चुकीचा. मेट्रो जाहीर झाली की भाव वाढतो तो आधीपासून जमीन धरून बसलेल्याचा. अधिभार भरतो तो वाढीव भावाने नंतर विकत घेणारा, मग त्याचं घर मेट्रोच्या दारात असो की मेट्रो कधीच न येणाऱ्या टोकाला. पुनर्विक्रीला पुन्हा भरायचा. भाव वाढल्यावर विकून बाहेर पडलेल्याला हा अधिभार द्यावा लागत नाही. बिल्डरकडून बांधकाम परवान्याच्या वेळी घेतलं जाणारं वाढीव विकास शुल्क हे जरा जास्त नेमकं हत्यार आहे, पण तेही बांधेपर्यंत लागत नाही. जमीन पडीक ठेवून भाव चढायची वाट बघणारा सुटतोच.

रेल्वे आली की जमीन महाग होते. त्या कमाईतून रेल्वे बांधल्याचं कुठे झालंय?

नवी मुंबईत. लोक हाँगकाँगची उदाहरणं देतात, पण ठाणे खाडी ओलांडली की हे बघायला मिळतं. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांना ६७ टक्के पैसे सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि ३३ टक्के रेल्वेने घातले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोचलेल्या मार्गातही हीच विभागणी. सिडकोचा पैसा भूखंड विकून आलेला. वाशी, बेलापूरच्या स्थानकांवर व्यापारी इमारती उभ्या आहेत त्या याच हिशेबातून. शिवाय नवी मुंबईच्या तिकिटांवर सिडकोचा अधिभार लागतो, म्हणून तेवढ्याच अंतराला हार्बरचं तिकीट कधी कधी थोडं जास्त पडतं.

या मॉडेलला काळी बाजूही आहे आणि ती लपवू नये. सिडकोला विकायला भूखंड मिळाले ते ९५ गावांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली; त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना (घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत) आली. जमिनीच्या वाढीव भावातून रेल्वे बांधायची असेल तर त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा पहिल्या दिवशी ठरायला हवा.

हेच बदलापूर-विरारला का केलं नाही?

तिथे रेल्वे दीडशे वर्षांपासून होती आणि जमीन हजारो खासगी हातांत. भाव वाढला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचा, मग दलालांचा, मग बिल्डरचा. पाणी, गटार, शाळा यांचा खर्च नंतर नगरपालिका आणि सरकारवर आला. वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी ४०३ दशलक्ष लिटरची सूर्या योजना एमएमआरडीएला करावी लागली ती इमारती आधी आणि पाणी नंतर, या क्रमामुळेच.

पुण्यातही तेच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्याआधी तिथल्या बांधकामांचं विकास शुल्क पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) घेतलं होतं. रस्ते, ड्रेनेज आणि टँकर मात्र महापालिकेच्या गळ्यात पडले. शुल्क घेणारा एक आणि सेवा देणारा दुसरा असला की पैसा गायब झालाय असं कोणी म्हणत नाही, पण नळाला पाणीही येत नाही.

बससाठी पैसे कुठून यावेत?

बेस्टची परिवहन तूट अनेक वर्षं तिच्याच वीजग्राहकांच्या बिलातून भरली जायची. ते बंद झालं आणि बेस्ट महापालिकेच्या अनुदानावर आली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं, प्रवासी परत आले, पण गाड्या वाढल्या नाहीत. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं १० आणि एसीचं १२ झालं. पुण्यात पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून घेतात. निदान सूत्र ठरलेलं आहे, हे बरं.

बस हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि सगळ्यांत दुर्लक्षित, कारण बसचं भूमिपूजन होत नाही.

कंपन्यांनी का देऊ नयेत? माणसं त्यांच्यासाठीच येतात.

फ्रान्समध्ये देतात. पॅरिसमध्ये १९७१ पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला पगाराच्या बिलावर वाहतूक कर आहे, त्यातून सार्वजनिक वाहतुकीचा मोठा भाग चालतो. महाराष्ट्रात याला जवळचं उदाहरण म्हणजे व्यवसाय कर: १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला, वर्षाला कमाल २,५०० रुपये, पण तो कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो. मालकाकडून घ्यायचा वाहतूक कर वेगळा कायदा मागेल. हिंजवडीसारख्या ठिकाणी, जिथे हजारो माणसं एकाच वेळी एकाच पुलावरून आत जातात, तो सगळ्यांत आधी योग्य ठरेल.

मग शेवटी कोणी किती द्यावं? तुमचं मत सांगा.

क्रम असा असावा. आधी जमीन: स्थानकापासून ठरावीक अंतरातल्या जमिनीवर, बांधलेली असो वा पडीक, भाववाढीच्या प्रमाणात कर. मग गर्दीच्या वेळची खासगी कार. मग सरकारी तिजोरी, कारण लोकल नसेल तर मुंबईचं उत्पन्नच थांबतं आणि तो फायदा सगळ्या राज्याला आहे. शेवटी तिकीट. आज हा क्रम जवळजवळ उलटा आहे.

लांब फ्लॅट घेतोय. प्रवासाचं काय तपासू?

जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ रविवारी दुपारी रिकाम्या रस्त्यावर मोजलेलं असतं. सोमवारी सकाळी साडेसातला इमारतीच्या दारातून निघा आणि ऑफिसच्या टेबलापर्यंत जा. संध्याकाळी त्याच मार्गाने परत या. आपल्या स्टेशनवर फास्ट लोकल थांबते का, तिथून सुटणारी गाडी आहे का, की भरलेली येते, हे पाहा. शेवटची डाऊन लोकल किती वाजता आणि त्यानंतर रिक्षा मिळते का, हे रिक्षा स्टँडवरच विचारा. रविवारच्या मेगाब्लॉकमध्येही एकदा जाऊन पाहा.

मेट्रोचं आश्वासन असेल तर ते कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा: आखणी जाहीर, मंत्रिमंडळाची मंजुरी, निविदा, कामाचा आदेश, खांब उभे. खांब दिसत असले तरी तीन-चार वर्षं धरा; त्याआधीच्या टप्प्याला किंमतच देऊ नका. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ च्या नावावर फ्लॅट विकले जातात, त्या ओळीसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. प्रकल्पाची महारेरा नोंदणी आणि मंजूर आराखडा पाहताना इमारतीपर्यंतचा पोचरस्ता विकास आराखड्यात आहे की शेतातली वहिवाट आहे, हे नक्की पाहा. पावसाळ्यात तिथे रिक्षावाले येत नाहीत, हे नंतर कळून उपयोग नाही.

फास्टॅगचा वार्षिक पास मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला चालतो का?

नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर, आणि खासगी कार-जीप-व्हॅनलाच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू राज्याच्या यंत्रणांचे, तिथे नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर खासगी गाडीसाठी स्थानिक मासिक पास वेगळा मिळतो. त्यासाठी आधार आणि गाडीची आरसी (नोंदणीपत्र) लागते.

लोकलचा पास तिमाही काढावा की मासिक?

तिमाही मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट पडतो, म्हणजे दर महिन्याला दहा टक्के वाचतात. नोकरी किंवा घर बदलायची शक्यता असेल तर तिमाहीच्या पुढे जाऊ नका.

टोल वसूल झाला की नाही, किंवा आपल्या भागाचा आराखडा बदलतोय, हे कसं कळणार?

टोलसाठी राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर संबंधित महामंडळाकडे अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘टोलची माहिती द्या’ असं लिहिलं तर गोल उत्तर येतं. नेमकं मागा: सवलत कराराची (कन्सेशन ॲग्रीमेंट, म्हणजे टोल वसुलीच्या कंत्राटाची) प्रत, महिनावार आणि वाहनप्रकारनिहाय मोजणी, आजवरची वसुली, भांडवली खर्चातली शिल्लक. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आराखड्यातल्या फेरबदलांची एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ३७ खालची सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्रात येते. हरकत नोंदवायला एक महिना असतो. शेतजमिनीचा निवासी विभाग होत असेल तर हरकतीत तीन गोष्टी लिहा: तिथे पाणी कुठून येणार, जवळच्या स्थानकाची सध्याची गर्दी काय, आणि वाढीव एफएसआयचं शुल्क त्याच भागाच्या रस्ता-बससाठी राखून ठेवलं जाणार आहे का. पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. तिथे बिल्डरचा वास्तुविशारद नक्की आलेला असतो.